खिशातली गोळी आणि पट्ट्यातली काठी

उत्तर कसब्यातले मल्लिनाथ चटणीवाले औषध घेत नसत, आणि हे ते कुणालाही छाती ठोकून सांगत. वय चौपन्न, साखर नाही, बीपी नाही. दंडाला सुई टोचून घेतली ती फक्त कोरोनाच्या वेळी, तीही बायकोनं मनगट धरून ठेवलं म्हणून. पहाटे उठायचं, अंघोळ करायची, कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसायचं, आणि पूजा आटोपली की तांब्यातल्या घोटभर पाण्याबरोबर एक गोळी. मग चहा. ही गोळी म्हणजे औषध नव्हे का, असं कुणी विचारलंच तर ते त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत. "अवो, ती पित्ताची हाय की. औषध आजारी माणसानं घ्यायचं असतंय."

गोळी घरात आली त्याला नऊ वर्षं झाली होती. थोरल्या मुलीच्या लग्नात चार दिवस जागरण आणि चार दिवस पंगती झाल्या आणि मल्लिनाथांच्या छातीत असा जाळ उठला की वरातीत ते घोड्याच्या पुढे नव्हे, पाण्याच्या टाकीच्या मागे सापडले. तेव्हाच्या डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि नंतर येऊन दाखवा म्हणून सांगितलं. पहिल्या गोळीतच जाळ विझला. पंधराव्या दिवशी मल्लिनाथांनी तोच कागद पुन्हा मेडिकलवाल्यापुढे धरला. घड्या पडून पडून कागदाचे चार तुकडे झाले, तोवर मेडिकलवाल्याला ते नाव पाठ झालं होतं. दाखवायला जायचं मात्र जे राहिलं ते राहिलंच.

त्यांचा धंदा शेंगा चटणीचा. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ असं सगळं कांडपात कुटायचं, तेल सुटून त्याचा गोळा व्हायला लागला की थांबायचं. कांडपातून निघालेला प्रत्येक घाणा मल्लिनाथांच्या जिभेवरून गेल्याशिवाय पाकिटात जात नसे. दिवसाला वीस घाणे म्हणजे वीस चिमटी, आणि त्यांची चिमूट म्हणजे इतरांची मूठ. दुकान बंद करून घरी यायला रात्रीचे दहा वाजत. मग कडक भाकरी, आमटी, वर पुन्हा चटणी. ताटात कण टाकायचा नाही, शेवटी ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकायचं, हा घराचा नेम. नेमात काही वाईट नव्हतं, पण वाढायला भुवनेश्वरी होती आणि तिचा हात सढळ होता. ताट लखलखीत झालं की मल्लिनाथ तिथून उठत ते थेट पलंगावर आडवे होत.

गोळी स्वतः घ्यायचे ते घ्यायचे, वर वाटायचेही. शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी कायम असे. लग्नाच्या पंगती उठल्या आणि पाहुणे विड्याच्या तबकाकडे वळले की मल्लिनाथ तबकाशेजारी उभे राहून पट्टी पुढे करत. "घ्या की. हुग्गी लई झाली न्हवं?" हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, साजूक तूप ओतून खाल्लेली माणसं मुकाट घेत. अक्कलकोटपासून वळसंगपर्यंतच्या पाहुण्यांत त्यांना 'थंड गोळीवाले' असं नाव पडलं होतं, आणि ते नाव ऐकून मल्लिनाथांना पदवी मिळाल्यासारखं वाटायचं.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये काठी आली.

संक्रांतीच्या यात्रेत सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात. गावात त्यांना काठ्याच म्हणतात. घराच्या माळवदावरून वर डोकावेल एवढी उंच, सजवलेली, जड काठी एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्यात रोवायची, दोन्ही हातांनी तोलायची आणि गर्दीतून चालायचं. एक दमला की दुसरा पुढे होतो. मल्लिनाथांच्या वाट्याला गेली अकरा वर्षं दोनशे पावलं येत होती, आणि त्या दोनशे पावलांत त्यांचं स्वतःचं घर होतं. त्याआधी वडील मडिवाळप्पा तेवढीच पावलं चालत. आई निंगव्वा, ब्याऐंशी वर्षांची, त्या दिवशी इरकल नेसून दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसे. दिवाळीला साडी घेऊ का विचारलं तर नको म्हणायची, दिवाणखान्यात पंखा बदलू का विचारलं तर नको म्हणायची. काठी दारावरून जाताना ती आपल्या माणसाच्या हातात असावी, एवढंच तिला हवं असायचं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी सरावाला उभे राहिल्यावर मल्लिनाथांनी पट्टा आवळला, काठी घेतली, आणि चाळिसाव्या पावलाला डाव्या पोटरीत पेटका आला. साधासुधा नव्हे. पोटरीतलं मांस कुणी पिळून काढतंय असं वाटलं. गुडघा वाकला, काठी डोलली, आजूबाजूच्या चौघांनी झेप घेऊन धरली म्हणून ती खाली आली नाही. बघणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

सराव घेणारे विरुपाक्षअण्णा सत्तरीचे. ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच मल्लिनाथांना जास्त भीती वाटली.

"कधीपासनं येतंय हे?"

"पहिल्यांदाच की, अण्णा."

"मल्ल्या, देवाच्या काठीखाली उभा हायेस."

"सहा म्हैने झाले," मल्लिनाथ म्हणाले. "झोपेत येतंय. हातालाबी मुंग्या येत्यात."

"गर्दीत लेकरं असत्यात, म्हातारी माणसं असत्यात. त्यांच्यावर काठी आली तर?" अण्णांनी पट्टा त्यांच्या कमरेवरून स्वतःच्या हातानं सोडवला. "नव्या वर्षातल्या पहिल्या रविवारी दोनशे पावलं चालून दाखव. जमलं तर पट्टा तुझा. न्हाय जमलं तर मल्हार चालंल."

मल्हार शेजारच्या आळीतला तिशीचा गडी, मांड्या खांबासारख्या. त्यानं संकोचून खाली बघितलं. मल्लिनाथांना मल्हारचा राग आला नाही, पण दारातल्या खुर्चीपुढून मल्हार काठी घेऊन चाललाय आणि आई इकडेतिकडे बघतेय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. घरी येताच त्यांनी भुवनेश्वरीला बजावलं, "अव्वाला यातलं अक्षर कळायला नको."

पोटरीला तेल चोळून झालं, केळी खाऊन झाली, गरम पाण्याची पिशवी झाली. पेटका आपला वेळेवर हजर. शेवटी भुवनेश्वरीनं त्यांना जवळच नवा दवाखाना टाकलेल्या डॉक्टर ऋतुजाकडे नेलं. ही पोरगी सांगोल्याकडची, आजा अजून मेंढरं राखणारा, त्यामुळे बोलणं सरळसोट. तिनं पोटरी दाबून पाहिली, रक्त घेतलं आणि विचारलं, "काका, औषधं कुठली चालू आहेत?"

"काय बी न्हाय," मल्लिनाथ ताठ बसून म्हणाले.

भुवनेश्वरीनंही मान हलवून दुजोरा दिला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ती गोळी चहापत्ती-साखरेच्या यादीतली वस्तू होती.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. ऋतुजानं कागद उलटासुलटा करून पाहिला. दुपारचे तीन वाजून गेले होते, आणि सकाळपासूनचे पेशंट संपवून ती या दोघांसाठी थांबली होती.

"मॅग्नेशियम बरंच कमी आहे काका, पेटके त्यानंच येतायत. बी-ट्वेल्व्हही तळाला गेलंय, म्हणून मुंग्या. किडनी उत्तम, साखर उत्तम. मग हे कमी झालं कशानं? दारू वगैरे?"

"शिव शिव!" मल्लिनाथांनी कानाला हात लावले.

"मग मलाही कळेना." तिनं पेन ठेवलं आणि छातीवर मूठ दाबली. "थांबा जरा, पाणी पिते. सकाळपासून नुसत्या चहावर आहे, जळजळायला लागलंय."

मल्लिनाथांचा हात आपोआप खिशात गेला. नऊ वर्षांची सवय ती. कुणी छातीवर मूठ दाबली की हात खिशात जायचाच. त्यांनी पट्टी काढली, एक गोळी कुटकन फोडली आणि मायेनं टेबलावर पुढे सरकवली.

"घ्या की, बाई. अर्ध्या तासात थंड."

डॉक्टर ऋतुजानं गोळीकडे पाहिलं, मग मल्लिनाथांकडे पाहिलं, मग रिपोर्टकडे. तिची जळजळ बहुधा तिथंच थांबली.

"ही कधीपासून घेताय?"

"नऊ वर्षं. रोज. पूजा झाली की."

"आणि मला सांगितलंत औषध काही नाही!"

"अवो, पण ही औषध कुटं हाय?"

तिला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. मग तिनं खुर्ची पुढे ओढून समजावून सांगितलं. गोळी वाईट नाही. ज्याला अल्सर आहे, पोटात रक्तस्राव झालाय, अन्ननलिका आतून सोलवटलीय, किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्याला ती लागतेच, आणि त्यानं डॉक्टरांना न विचारता बंदही करायची नाही. पण चौदा दिवसांची गोळी नऊ वर्षं कुणी तपासल्याशिवाय घेतली की पोटातलं आम्ल दबून राहतं, आणि ते आम्ल नुसतं जाळायला नसतं. जेवणातलं बी-ट्वेल्व्ह सोडवून घ्यायला तेच लागतं. मॅग्नेशियम शोषलं जात नाही. काहींची हाडं ठिसूळ होतात, काहींच्या पोटाला संसर्ग लवकर होतो. सगळ्यांना होतं असं नाही, पण म्हणून तर मधूनमधून दाखवायचं असतं.

"मग आजपासनं बंद!" मल्लिनाथ बाणेदारपणे म्हणाले. त्यांना काठी दिसत होती.

"एकदम बंद नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं आम्ल एकदम दुप्पट उसळेल, आणि तुम्ही म्हणाल गोळीशिवाय मी मेलो. आधी एक दिवसाआड. पंधरा दिवसांनी दोन दिवसांआड. मधल्या दिवशी फारच जळलं तर हे पातळ औषध दोन चमचे. मॅग्नेशियम आणि बी-ट्वेल्व्ह मी लिहून देते. थोडी जळजळ होईलच, पण काही आठवड्यांत ओसरते. घास अडकायला लागला, शी काळी झाली, वजन झपाट्यानं उतरलं तर मात्र थेट इथं यायचं."

मग तिनं जगण्याची रीत सांगायला सुरुवात केली. जेवण सात-साडेसातला. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पोटाचा घेर कमी. झोपायचं ते डाव्या कुशीवर, आणि पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून सहा इंच वर. कशानं जळतं ते वहीत लिहायचं, कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. "आणि चटणीच्या चिमटी कमी," असं ती म्हणाली, आणि त्यापुढचं-मागचं मल्लिनाथांना काही ऐकूच आलं नाही.

निघताना तिनं टेबलावरची गोळी त्यांना परत दिली नाही. "आणि काका, हे वाटणं बंद. एखाद्याची कळ पित्ताची नसून हृदयाची असली, आणि तो तुमची गोळी खाऊन घरी झोपून राहिला तर?"

मल्लिनाथांनी आजवर किती जणांच्या हातावर गोळी ठेवली होती ते आठवायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

घर आणि दुकान दोन्ही उलटंपालटं झालं. घाणा चाखायचं काम भुवनेश्वरीकडे गेलं. पहिल्याच दिवशी ती जिभेवर कणभर टेकवून म्हणाली, "मीठ जास्त हाय." मल्लिनाथ म्हणाले, सत्तावीस वर्षं एवढंच असतंय. ती म्हणाली, सत्तावीस वर्षं जास्तच असतंय, कुणी विचारलंच न्हाय. मीठ कमी केलं, आणि आठवड्याभरात दोन गिऱ्हाइकांनी येऊन चटणीची तारीफ केली. मल्लिनाथांना ते औषधापेक्षा कडू लागलं. संध्याकाळी सातला दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडायचा, भुकेनं नव्हे तर घड्याळ सांगतं म्हणून जेवायचं, हा तर निव्वळ छळ होता. डब्यात भाकरी मोजून दोन. ताट धुऊन प्यायचा नेम त्यांनी सोडला नाही, पण आता त्या पाण्यात काही चवच उरली नव्हती.

विटांचं काम बसू गवंड्याकडे दिलं होतं. बसू चाळीस वर्षं भिंती बांधणारा माणूस, ओळंब्याबाहेर त्याची वीट जात नाही. भुवनेश्वरीनं त्याला सांगितलं, "डोक्याच्या बाजूला दोन-दोन विटा लाव," आणि ती दुकानात गेली. पलंग तिच्या माहेरचा, शिसवी, एका बाजूला मोराची नक्षी असलेली उंच फळी. आता त्या खोलीचा आकार असा की दार आणि खिडकी सांभाळून पलंग एकाच प्रकारे बसतो, आणि तसा बसला की मोराची फळी येते उत्तरेला. उत्तरेला डोकं करून या घरात कुणी झोपत नाही. त्यामुळे गेली तीस वर्षं मल्लिनाथ मोराकडे पाय करून झोपत आले होते. हे बसूला कुठून ठाऊक असणार? त्यानं मोर पाहिला, मोराखाली चार विटा चोख बसवल्या, पलंग हलवून बघितला, डुगडुगला नाही, आणि चहा पिऊन गेला.

त्या दिवसापासून मल्लिनाथ पाय वर आणि डोकं खाली करून झोपू लागले. भुवनेश्वरी सासूच्या सोबतीला आतल्या खोलीत झोपे, म्हणून हे बघायलाही कुणी नव्हतं. आणि मल्लिनाथांना स्वतःला काही वाटलं नाही का? वाटलं की. पहिल्या दिवशी डोक्यात रक्त उतरून कान गरम झाले तेव्हा त्यांनी विचार केला, पेटके पायाला येतात, म्हणून पाय उंच ठेवायला सांगितले असणार. पोरगी हुशार आहे! अशा कौतुकात ते डाव्या कुशीवर वळत आणि पोटातलं सगळं उतार धरून घशाशी येई.

दहा दिवस त्यांनी असे काढले की वैऱ्यावर येऊ नयेत. गोळीच्या दिवशी कसंबसं निभे. मधल्या दिवशी छातीत चूल पेटे, तोंडात आंबट पाणी, आवाज बसलेला. पातळ औषधाची बाटली त्यांनी चार दिवसांत संपवली. पेटके मात्र कमी होत चालले होते, मुंग्याही. पाय बरे व्हायला लागलेत आणि छाती जळतेय, अशा चमत्कारिक पेचात माणूस सापडला होता. पहिला रविवार आठवड्यावर आला होता. रोजची गोळी पुन्हा सुरू करावी तर पाय जाणार, न करावी तर जीव. एका पहाटे ते स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यात हात घालताना सापडले, कारण भुवनेश्वरीनं पट्टी तिथं लपवली होती.

"आज पाळी न्हाय," ती दारात उभी राहून म्हणाली.

"एकच. भुवना, एकच दे. छातीत निखारा ठेवलाय कुणीतरी."

तिनं त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा निर्धार डळमळला. पण डबा तिनं सोडला नाही. "रविवार हुं दे," ती हळूच म्हणाली. "मग तुमाला काय करायचं ते करा." मल्लिनाथ परत जाऊन पडले. त्यांना रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती.

त्याच सकाळी पूजेची वेळ टळली तरी मुलगा बाहेर येईना, म्हणून निंगव्वा काठी टेकत त्यांच्या खोलीत आली. एरवी ती तिकडे फिरकत नसे. दारातच थांबून तिनं पलंग पाहिला, विटा पाहिल्या, वर गेलेले पाय आणि खाली आलेलं टक्कल पाहिलं.

"अय्यो! मल्ल्या, वटवाघूळ झालास का रं?"

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, अव्वा. पित्तासाठी." पेटक्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"पाय वर करायला सांगितलं?"

"म्हंजे... बसूनं केलंय ना."

निंगव्वानं हातातल्या काठीनं मोराच्या फळीवर टकटक केलं. "त्या बश्यानं मोराला डोस्कं समजलं. तू झोपतोस तिकडं. पोट उताराला लावलंस तर आतलं सगळं घशातच येणार की. साकु, पुरे झालं, ऊठ आता! बायकोला हाक मार, विटा काढा तितनं."

मल्लिनाथ उठून बसले. पलंगाकडे बघितलं, मोराकडे बघितलं, मग आईकडे. दहा दिवसांच्या जळजळीचा हिशेब एका क्षणात लागला आणि ते इतके हसले की भुवनेश्वरी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. तीही हसू लागली. निंगव्वा तेवढी हसली नाही. ती मुलाच्या पायांकडे बघत म्हणाली, "शिकल्यासवरल्या माणसांचं घर हे," आणि काठी टेकत निघून गेली.

विटा इकडच्या तिकडे झाल्या आणि जादू झाली असं काही नाही. पण तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ सकाळी उठले तेव्हा तोंड आंबट नव्हतं. वहीतल्या नोंदींतून आणखी एक शोध लागला. रिकाम्या पोटी चहा घेतला की जळतं, पोटभर जेवून लवंडलं की जळतं, भजी खाल्ली की हमखास जळतं. चटणी मात्र एक चिमूट भाकरीबरोबर खाल्ली तर काही होत नाही. चटणी निर्दोष सुटली! ही बातमी त्यांनी डॉक्टर ऋतुजाला फोन करून दिली. ती म्हणाली, छान, पण चिमूट कुणाची ते ठरवू या.

रविवारी सकाळी विरुपाक्षअण्णांनी पट्टा त्यांच्या कमरेला बांधला. मल्हार शेजारी उभा राहिला, डोलली तर धरायला. चाळिसावं पाऊल आलं तेव्हा मल्लिनाथांनी श्वास रोखला. एकेचाळीस. बेचाळीस. शंभराव्या पावलाला छातीत थोडं जळलं. जळू दे, ते मनात म्हणाले, तू चल. दोनशे पावलं झाली, वर वीस झाली, तेव्हा अण्णांनी हात वर केला. ते जवळ आले, काठीवर हात ठेवून म्हणाले, "पट्टा तुझा." मग आवाज उतरवून विचारलं, "काय औषध घेतलंस?"

"घेतलं न्हाय, अण्णा. सोडतोय."

अण्णांना ते नीट कळलं नाही, पण मल्हारनं सगळ्यांत आधी येऊन मिठी मारली, आणि मल्लिनाथांचा जीव भांड्यात पडला.

यात्रेच्या दिवशी बोळाच्या तोंडाशी त्यांनी काठी घेतली तेव्हा ऊन कलत होतं. पांढरी बाराबंदी आज पोटावर सैल बसली होती. 'हर्र बोला हर्र'चा पुकारा झाला आणि गर्दी सरकली. मल्लिनाथांची नजर वर, काठीच्या शेंड्याकडे. तोल सांभाळणाऱ्यानं खाली बघायचं नसतं, पण कितव्या पावलाला आपलं दार येतं हे त्यांच्या तळव्यांना ठाऊक होतं.

दारापुढे ते थांबले. दरवर्षी अव्वा खुर्चीवरूनच अक्षता टाकायची. यंदा डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं, भुवनेश्वरीचा हात धरून ती खुर्चीतून उठली, पायरी उतरली आणि गर्दीनं दिलेल्या वाटेनं थेट त्यांच्यापाशी आली. अक्षता टाकल्या. आणि मग ती वाकली. ब्याऐंशी वर्षांची आई पोराच्या पायाशी वाकली, तसे आजूबाजूच्या माणसांनी हात जोडले. त्यांना वाटलं, म्हातारी काठीधारकाच्या पाया पडतेय. मल्लिनाथ कळवळले. "अव्वा, नको," म्हणाले, पण दोन्ही हात काठीला जखडलेले. ना वाकता येईना, ना तिला उठवता येईना.

तिचा हात पावलांकडे गेलाच नाही. तिनं त्यांची डावी पोटरी तळव्यात धरली, धोतरावरून, आणि अंगठ्यानं दाबून बघितली. खालून वर, पुन्हा वरून खाली. सगळ्या आळीनं महिनाभर जिच्यापासून लपवलं होतं तिला पाय कुठला, हेसुद्धा माहीत होतं.

"मऊ हाय," ती सरळ होत म्हणाली. एवढ्या वाजंत्रीत ते फक्त मल्लिनाथांना ऐकू आलं. "जा आता. हळू चाल."

मल्लिनाथांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता. काठी ताठ धरून, वर बघत, ते तसेच चालू लागले.